जीबीएस : मोबाइलवरचा मजकूर कसा पारखावा?

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस या चेतातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तसे मोबाइलवरचे संदेशही. अशा मजकुराचा उगम आधी पाहावा. खात्रीची माहिती तपासणीतून येते: रुग्णांचे नमुने पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. आरोग्य विभागाच्या निवेदनावर नाव आणि तारीख असते; ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’ याला ना नाव, ना गाव. संकेतस्थळाच्या पत्त्याअखेरीस ‘जीओव्ही डॉट इन’ असेल, तर ते सरकारी. आकडे वाचताना ‘संशयित’ आणि ‘निदान निश्चित झालेले’ रुग्ण वेगळे मोजावेत. मथळ्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते.

सर्वांत फसवे असते ते अर्धसत्य. कॅम्पिलोबॅक्टर कच्च्या चिकनमध्ये असू शकतो, हे खरे. पण नीट शिजवल्यावर तो मरतो. त्यामुळे ‘चिकन बंद करा’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. बहुधा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणाच चेतातंतूंवर उलटते. हातापायांतली ताकद अचानक कमी झाली, तर मात्र इंटरनेटवर शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.