विश्लेषण : सर्वात शेवटी पात्र, तरी ४६ कोटींची मानकरी! ‘डब्ल्यूटीए फायनल्स’ इतकी वेगळी का?

कझाकस्तानच्या एलिना रायबाकिनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रियाधमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असलेल्या अरिना सबालेन्काला ६-३, ७-६ असे नमवले. स्पर्धेची पात्रता सर्वात शेवटी मिळवलेल्या रायबाकिनाने एकही सामना न गमावता ५२ लाख ३५ हजार डॉलर, म्हणजे ४६ कोटी रुपयांहून अधिक रक्कम जिंकली. महिला क्रीडा क्षेत्रातील एका स्पर्धेच्या विजेतीला मिळालेले हे तोवरचे सर्वात मोठे बक्षीस ठरले. ही स्पर्धा नेमकी आहे काय आणि तिच्यावर वाद का होतात, याचा आढावा.

पात्रता कशी ठरते?

‘डब्ल्यूटीए फायनल्स’मध्ये एकेरीत केवळ आठ खेळाडू खेळतात. जानेवारीपासून मोसमभर मिळवलेल्या गुणांची वेगळी यादी असते, तिला ‘रेस’ म्हणतात. त्यातील पहिल्या सात जणींना थेट प्रवेश मिळतो. आठवी जागा त्या वर्षी ग्रँडस्लॅम जिंकलेल्या, पण ‘रेस’मध्ये आठव्या ते विसाव्या स्थानी असलेल्या खेळाडूला मिळते. अशी कोणी नसेल, तर आठव्या क्रमांकाच्या खेळाडूला संधी मिळते. २०२४ मध्ये विम्बल्डन विजेत्या बार्बोरा क्रेजिकोव्हाला याच नियमाचा फायदा झाला आणि तिच्यापेक्षा वरच्या स्थानी असूनही अमेरिकेच्या एमा नवारोची संधी हुकली.

एक पराभव झाला तरी जेतेपद शक्य?

होय. ग्रँडस्लॅममध्ये एक सामना हरला की परतीचे तिकीट. इथे मात्र चार-चार खेळाडूंचे दोन गट असतात. प्रत्येक खेळाडू गटातील तिघींशी खेळते आणि दोन अव्वल खेळाडू उपांत्य फेरीत जातात. २०२४ मध्ये एका गटात क्रेजिकोव्हा, कोको गॉफ आणि इगा श्वीऑनटेक या तिघींनीही प्रत्येकी दोन सामने जिंकले. मग सेटचा हिशेब झाला. क्रेजिकोव्हाने सातपैकी पाच, गॉफने सहापैकी चार, तर श्वीऑनटेकने सातपैकी चार सेट जिंकले होते. श्वीऑनटेक बाहेर पडली. एक सामना गमावलेल्या गॉफने पुढे झेंग क्विनवेनला हरवून करंडक उंचावला. बक्षीस प्रत्येक विजयागणिक वाढत असल्याने त्या एका पराभवाची किंमत मात्र तिला मोजावी लागली. तिला ४८ लाख ५ हजार डॉलर मिळाले. गुणांचेही तसेच. अपराजित विजेतीला १५०० गुण मिळतात.

स्पर्धेचे ठिकाण सतत का बदलते?

१९७२ मध्ये अमेरिकेतील बोका रॅटन येथे ही स्पर्धा प्रथम झाली आणि ख्रिस एव्हर्ट विजेती ठरली. पुढे दोन दशकांहून अधिक काळ न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे तिचे घर होते. मार्टिना नवरातिलोव्हाची एकेरीतील आठ जेतेपदे हा आजही विक्रम आहे. १९८४ ते १९९८ दरम्यान अंतिम सामना पुरुषांप्रमाणे पाच सेटचा असे.

त्यानंतर जो अधिक पैसे देईल, त्या शहरात स्पर्धा जाऊ लागली. २०१९ पासून चीनमधील शेनझेनशी दहा वर्षांचा करार होता. एकूण बक्षिसे १ कोटी ४० लाख डॉलरवर गेली. मात्र, तिथे स्पर्धा एकदाच झाली. २०२० मध्ये करोनामुळे ती रद्द झाली, २०२१ मध्ये मेक्सिकोत गेली. त्याच वर्षी चीनची टेनिसपटू पेंग शुआईने एका माजी उपपंतप्रधानावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केल्यानंतर ‘डब्ल्यूटीए’ने चीनमधील स्पर्धा स्थगित केल्या. या भूमिकेचे कौतुक झाले, पण तिजोरीला फटका बसला. २०२२ मध्ये एकूण बक्षिसे ५० लाख डॉलरवर घसरली. २०२३ मध्ये दोन महिनेही हाती नसताना कानकूनची निवड झाली. तिथे तात्पुरत्या कोर्टवर, वारा-पावसात सामने झाले आणि खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली.

सौदीला विरोध का?

रियाधशी २०२४ ते २०२६ असा तीन वर्षांचा करार झाला आणि बक्षिसे दीड कोटी डॉलरच्या पुढे गेली. २०२५ मध्ये रायबाकिनाची कमाई पुरुषांच्या ‘एटीपी फायनल्स’ विजेत्या यानिक सिन्नरपेक्षाही जास्त होती. मात्र, महिलांच्या हक्कांवर मर्यादा असलेल्या आणि समलैंगिकता गुन्हा ठरवणाऱ्या देशात महिलांची सर्वोच्च स्पर्धा नको, असे एव्हर्ट आणि नवरातिलोव्हा यांनी जाहीरपणे लिहिले. बिली जीन किंग यांचे मत वेगळे. संवादाशिवाय बदल होत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे, सौदीच्याच सरकारी गुंतवणूक निधीच्या साहाय्याने २०२५ मध्ये खेळाडूंसाठी १२ महिन्यांपर्यंत भरपगारी प्रसूती रजेची योजना सुरू झाली.

भारताचे काय?

एकेरीत आजवर एकही भारतीय महिला या स्पर्धेसाठी पात्र ठरलेली नाही. दुहेरीत मात्र मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाने सिंगापूरमध्ये २०१४ मध्ये कारा ब्लॅक, तर २०१५ मध्ये मार्टिना हिंगिससह जेतेपद पटकावले.

खरा प्रश्न कोणता?

महिला टेनिसला समान पैसा हवा, हा लढा अर्ध्या शतकाचा. शेनझेनपासून रियाधपर्यंत तो पैसा मिळाला, पण प्रत्येक वेळी एकाच यजमानाच्या भरवशावर. पेंग शुआई प्रकरणी ताठ भूमिका घेतल्यावर त्याची किंमत किती असते, हे २०२२ मध्ये दिसले. यजमानाच्या धनादेशाशिवाय इतकी बक्षिसे देता येतील का, याचे उत्तर सापडेपर्यंत ठिकाणाचा वाद संपणे कठीण आहे.