हजार हर्ट्झच्या पलीकडे

पैनगंगा हिंगोली जिल्ह्याची उत्तर सीमा धरून वाहते आणि पुढे आदिलाबाद जिल्ह्याची महाराष्ट्राकडची हद्द होते. १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश हैदराबाद राज्यात होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, तर किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात. याच पट्ट्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली.

या यंत्राचे मूळ तत्त्व सरळ आहे. लेसरचा एक किरण दुभंगून काटकोनातल्या दोन बाहूंमध्ये सोडायचा. प्रत्येक बाहू ४ किलोमीटर लांब. टोकाच्या आरशांवरून परतलेले किरण पुन्हा एकत्र आणायचे. गुरुत्वीय लहर आली की एक बाहू किंचित ताणला जातो, दुसरा किंचित आखडतो, आणि एकत्र आलेल्या प्रकाशाची तीव्रता बदलते. हा बदल किती सूक्ष्म? १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील लायगो यंत्रांनी पहिली लहर टिपली, तेव्हा ४ किलोमीटरच्या बाहूंच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान होता. ती लहर सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघाली होती. तिची वारंवारता सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली.

जड पिंडांची लहर खालच्या पट्टीत, हलक्यांची वरच्या पट्टीत. डग्ग्यापेक्षा तबल्याचा सूर चढा असतो तसे. न्यूट्रॉन तारा सूर्याहून थोडा जड, पण व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, तेव्हा अखेरच्या क्षणी वारंवारता हजार हर्ट्झच्या वर जाते. ते आदळल्यानंतर जो फुगीर, वेगाने गरगरणारा पिंड काही काळ उरू शकतो, त्याच्या लहरी साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये अपेक्षित आहेत. अणुकेंद्राहूनही घन झालेले द्रव्य कसे वागते, किती दाब सोसते आणि कधी कोसळून कृष्णविवर बनते, याची उत्तरे या वरच्या पट्टीत दडलेली आहेत. पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत असे द्रव्य तयार करून ठेवता येत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी ही उत्तरे मिळवण्याची संधी चालून आली. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर लायगोच्या नोंदींत जवळपास शंभर सेकंद उमटत राहिली. तिच्या अखेरीनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट दिसला. जगभरच्या सुमारे सत्तर वेधशाळांनी त्या दिशेने दुर्बिणी वळवल्या. मात्र टकरीनंतरच्या लहरी सापडल्या नाहीत. त्या पट्टीत यंत्रांची संवेदनक्षमता कमी पडली. ताऱ्यांचे काय झाले, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिथेच अडला.

वरच्या पट्टीतली अडचण जमिनीच्या कंपनाची नाही. जमिनीचा हादरा मुख्यतः खालच्या वारंवारतांना त्रास देतो. त्यासाठी ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर, काचेच्या बारीक तंतूंनी टांगलेले असतात. वर अडवतो तो खुद्द प्रकाश. लेसरमधले फोटॉन एकसारख्या ठेक्याने येत नाहीत, त्यांच्या संख्येत चढउतार असतो, आणि तोच गोंगाट ठरतो. प्रकाशाची शक्ती वाढवली की हा गोंगाट तुलनेने घटतो, म्हणून बाहूंमध्ये आरशांच्या जोड्या लावून शेकडो किलोवॅट शक्ती साठवली जाते. पण त्या शक्तीने आरसे तापतात आणि त्यांचा आकार बदलू लागतो. दुसरी मर्यादा वेळेची आहे. प्रकाश बाहूत खेळत असतानाच लहरीची दिशा उलटली, तर आधीचा ताण आणि नंतरचा आखड एकमेकांना खोडून काढतात. जितकी वारंवारता जास्त, तितके हे नुकसान जास्त.

यावरचा एक उपाय २०१९ पासून लायगोमध्ये वापरात आहे. प्रकाशाच्या पुंजीय चढउतारांना एका अंगाने आवळायचे आणि वाढ दुसऱ्या अंगाकडे ढकलायची. हा ‘आवळलेला प्रकाश’ जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या जिओ-६०० यंत्रात आधी सिद्ध झाला होता. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी तर दोन ते चार हजार हर्ट्झसाठीच घडवलेल्या ‘निमो’ यंत्राचा आराखडा मांडला आहे. याहून कितीतरी वर, मेगाहर्ट्झच्या पट्टीत, शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये ४० मीटर बाहूंच्या जोडयंत्राने शोध घेतला गेला. जपानमध्ये १०० मेगाहर्ट्झसाठी एक मीटरहून लहान बाहूंची यंत्रे बांधली गेली. तिथे ज्ञात ताऱ्यांच्या टकरींतून लहर मिळण्याची अपेक्षा नाही. आरंभीच्या विश्वाचे अवशेष वा अतिलघु कृष्णविवरे शोधावी लागतात. म्हणून आज सर्वांत फलदायी पट्टा हजार ते चार हजार हर्ट्झचाच आहे, असे मला ठामपणे वाटते.

या शोधात भारताचा वाटा जुना आहे. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये, विचलित झालेले कृष्णविवर ठरावीक वारंवारतांनी कंप पावत शांत होते, हे दाखवले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, गोंगाटात बुडालेली लहर गणिती नमुन्यांशी जुळवून कशी काढायची, याचा पाया घातला. आता आयुकासोबत गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र या वेधशाळेची जबाबदारी वाहत आहेत. लेसर, आरसे यांसारखी प्रमुख सामग्री अमेरिकेतून येणार. इमारती आणि सव्वा मीटर रुंदीच्या आठ किलोमीटर निर्वात नळ्या भारताने बांधायच्या आहेत. हिंगोलीची वेधशाळा इतर देशांतल्या यंत्रांशी जोडली गेली की टकरीची आकाशातली जागा बरीच अचूक ठरेल. नोंदी अधिक यंत्रांत मिळाल्याने वरच्या पट्टीतली क्षीण लहर गोंगाटापासून वेगळी काढणेही सोपे जाईल.

आपल्या भागात या प्रकल्पाची चर्चा बहुतेक वेळा जमिनीभोवती फिरते. जागा मोलाची आहेच, पण हजार हर्ट्झच्या वर जाण्याची किल्ली कौशल्यात आहे: निर्दोष वेल्डिंग, धूलिविरहित कक्षात काम करण्याची शिस्त, निर्वात तंत्र, लेसर आणि विदासंस्करण. हे सारे शिकवता येते. हिंगोली, किनवट आणि आदिलाबादच्या तंत्रनिकेतनांनी व महाविद्यालयांनी यंत्र सुरू होण्याची वाट न पाहता आजपासून हे विषय हाती घ्यावेत. वेधशाळा दशके चालते आणि तिला दरवर्षी नवे हात लागतात. न्यूट्रॉन ताऱ्यांची पुढची जवळची टक्कर कधी होईल, हे कोणी ठरवू शकत नाही. तिच्यासाठी तयार राहणे मात्र आपल्या हाती आहे.