सामना कोणाच्या हातात?
टी.व्ही.वरून मोबाइलवर गेलेला खेळ आणि कष्टकऱ्यांचे घर

आपल्या वस्त्यांमधून क्रिकेटचा सामना बघण्याची एक रीत होती. ज्याच्या घरी टी.व्ही., त्याच्या दारात चपलांचा ढीग. पोरे पुढे, म्हातारी माणसे भिंतीला टेकून, आणि आत जागा मिळाली नाही ते खिडकीला. पाळी सुटून येणारा कामगार डबा हातात घेऊनच विचारायचा, "किती झाले?" कुणी ओळखीचा असो वा नसो, धावसंख्या सांगायला कोणी नाही म्हणत नसे.

आज टी.व्ही. बहुतेक घरांत आहे. पण सामना हळूहळू टी.व्ही.मधून उठून मोबाइलमध्ये जाऊन बसला आहे. एका खोलीत तिघे जण तीन मोबाइल घेऊन बसतात, आणि चौथ्याच्या हातात काहीच नसते. हा बदल नुसता यंत्राचा आहे असे समजून चालणार नाही. सामना कोणी बघायचा, किती पैसे मोजून बघायचा आणि घरातल्या कोणी बघायचाच नाही, हे यातून ठरत आहे. म्हणून त्याचा जमाखर्च प्रत्येक कुटुंबाने एकदा मांडायला हवा.

लहरी जनतेच्या मालकीच्या

ही गोष्ट सुरू होते १९९३ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याच्या हिरो कपपासून. बंगालच्या क्रिकेट संघटनेने त्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क एका परदेशी कंपनीला विकले. तोवर या देशात प्रक्षेपण म्हणजे मुख्यतः दूरदर्शन. भांडण कोर्टात गेले, आणि सुरुवातीचे काही सामने लोकांना टी.व्ही.वर दिसलेच नाहीत.

त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. ज्या लहरींवरून चित्र आणि आवाज घरोघर जातो त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांचा उपयोग लोकहितासाठीच झाला पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले. त्यांवर सरकारची मक्तेदारी नको आणि धनवंतांचीही नको. बाबासाहेबांनी ज्या राज्यघटनेचा मसुदा घडवला तिच्या कलम १९(१)(अ) मधील अभिव्यक्ती स्वातंत्र्यात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्या-बघणाऱ्या माणसाचाही हक्क येतो, हे त्या निकालाचे सार आहे. क्रिकेटच्या एका भांडणातून सामान्य माणसाच्या पदरात एवढी मोठी गोष्ट पडली.

पुढे खासगी वाहिन्या वाढल्या. २००४ साली भारताचा संघ पाकिस्तानात खेळायला गेला तेव्हा हक्क एका खासगी वाहिनीकडे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते चित्र दूरदर्शनलाही द्यायला लावले. २००७ साली तर कायदाच झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचे थेट चित्र, हक्क कोणाकडेही असले तरी, प्रसार भारतीला दिले पाहिजे. जाहिरातीच्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के हक्कदाराला आणि २५ टक्के प्रसार भारतीला, अशी वाटणीही ठरली. ऑलिम्पिक, आशियाई स्पर्धा आणि भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय व ट्वेंटी-२० सामने या यादीत आले. ज्याच्या घरी केबलचे पैसे भरण्याची ऐपत नाही, त्यालाही देशाचा सामना दिसावा, हा त्यामागचा हेतू.

कायदा जिथे थांबला

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. प्रसार भारतीला मिळालेले चित्र तिने आपल्या जमिनीवरील प्रक्षेपणावरून आणि आपल्या डी.टी.एच.वरून, म्हणजे डीडी फ्री डिशवरून दाखवावे. खासगी केबल आणि खासगी डिशवाल्यांना ते चित्र नाही. अनेक घरांत लोक चिडून विचारतात, "केबलवर डीडी स्पोर्ट्स लावले, मग सामना का दिसत नाही?" त्याचे उत्तर या निकालात आहे. वाहिनी तीच, पण सामना फक्त फ्री डिशवर.

दुसरी अडचण याहून मोठी. कायदा लिहिला गेला तेव्हा सामना मोबाइलवर बघितला जाईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यात शब्द आहेत केबल, डी.टी.एच. आणि रेडिओ. इंटरनेटचे नाव नाही. शिवाय आयपीएल त्या यादीतच नाही. म्हणजे वस्तीतली पोरे उन्हाळ्याचे दोन महिने ज्या स्पर्धेसाठी जेवण विसरतात, तिच्यावर या कायद्याचा काडीचाही अंमल चालत नाही.

फुकटाचे दोन उन्हाळे

जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. रक्कम ४८,३९० कोटी रुपये. तेव्हा धरलेल्या ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात. भारतातल्या टी.व्ही.चे हक्क गेले २३,५७५ कोटींना, तर इंटरनेटचे हक्क २३,७५८ कोटींना. मोबाइलने टी.व्ही.ला मागे टाकले ते त्या दिवशी.

एवढा पैसा ओतणारा तो वसूल करणारच. पण आधी त्याने सवय लावली. २०२३ साली जिओसिनेमाने आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवले, आणि समालोचन बारा भाषांत, त्यात मराठीही. ते पाहून हॉटस्टारनेही त्या वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्याच्या वेळी एकाच क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक अ‍ॅपवर होते, असे कंपनीने सांगितले. २०२४ चे आयपीएलही फुकटच गेले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन प्रतिस्पर्ध्यांचे धंदे एकत्र आले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार हे एकच अ‍ॅप निघाले. दोन दुकाने समोरासमोर होती तोवर गिऱ्हाइकाला भाव होता. दुकान एक झाले आणि त्याच उन्हाळ्यात आयपीएलला पैसे लागू झाले.

घरखर्चाच्या वहीत

आता आपला हिशेब. अ‍ॅप निघाले तेव्हाचे दर असे होते : एका मोबाइलपुरते तीन महिन्यांना १४९ रुपये, वर्षाला ४९९. टी.व्ही. धरून दोन उपकरणांवर बघायचे तर तीन महिन्यांना २९९, वर्षाला ८९९. आकडा ऐकून कोणी म्हणेल, यात काय मोठे? पण हा खर्च एकटा येत नाही. मोबाइलचा रिचार्ज वेगळा, आणि जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी तो वाढवला. केबलचे पैसे वेगळे. शिवाय सगळे सामने एका अ‍ॅपवर नसतात. २०२५ मध्ये आयपीएल जिओहॉटस्टारवर, तर आशिया चषक सोनी लिव्हवर होता.

ठरावीक रिचार्ज केला की अ‍ॅप "फुकट", अशीही योजना निघाली. त्यात मोफत काही नसते. मुलाला सामना बघायचा म्हणून घरात लहान रिचार्जऐवजी मोठा रिचार्ज होतो, आणि तो पैसा वह्या-पुस्तकांच्या किंवा दुधाच्या खात्यातून निघतो. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या घराने हे सगळे खर्च एका पानावर एकाखाली एक लिहून बेरीज करून बघावी. खर्च करू नका असे माझे म्हणणे नाही. खेळ बघणे ही चैन नव्हे, कष्टाच्या दिवसानंतरचा तो विसावा आहे. पण आपण किती देतो ते माहीत असले पाहिजे.

विड्या वळणाऱ्या हातांचे काय?

या शहरात हजारो भगिनी विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा. हात एक क्षण रिकामा नसतो. समोर टी.व्ही. असला तर हात काम करतो, कान ऐकतो आणि मान वर करून डोळा बघून घेतो. आकाशवाणीवरचे धावते वर्णन तर यासाठीच सोयीचे होते, बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने घरातल्या कामात गुंतलेल्या बायकांनाही क्रिकेट समजायला लागले. मोबाइलचे तसे नाही. त्याला एक हात लागतो आणि पूर्ण नजर लागते. आणि घरात चांगला मोबाइल एक असेल तर तो कोणाकडे असतो? मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. मुलीची पाळी शेवटी, आणि आईची येतच नाही.

हे क्षुल्लक वाटते, पण आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण बघा. किरण नवगिरे ही सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली मुलगी. गावात मुलांबरोबर खेळायची. मुलींचेही क्रिकेट असते हे तिला ठाऊक नव्हते. २०११ साली भारताने विश्वचषक जिंकला आणि ती धोनीची चाहती झाली, असे तिने स्वतः सांगितले आहे. त्या वर्षीचा अंतिम सामना दूरदर्शनवरही होता. देशातले साधे अँटेनाचे घरही तो बघू शकत होते. किरण पुढे २०२२ मध्ये भारतासाठी खेळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या ट्वेंटी-२० क्रिकेटमध्ये जगात इतके वेगवान शतक त्याआधी कोणाचे नव्हते.

जे डोळ्यांना दिसते तेच मूल मनात धरते. आज एखाद्या घरात सामना फक्त थोरल्या भावाच्या मोबाइलवर चालत असेल, तर त्या घरातली किरण काय बघून पेटून उठणार?

मोबाइलच्या बाजूनेही बोलले पाहिजे

एकच बाजू मांडणे बरे नव्हे. टी.व्ही.ने जे कधी दाखवले नाही ते मोबाइलने दाखवले. मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, ती पहिल्या वर्षी मोबाइलवर फुकट होती. त्यात आपल्या किरणने उत्तर प्रदेशच्या संघाकडून पहिल्याच सामन्यात अर्धशतक काढले. बॅटवर लिहिले होते धोनीचे नाव. आज गावोगावचे टेनिस बॉलचे सामने, कबड्डीच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी येऊन चुकलेला खेळ बघू शकतो. मराठीतले समालोचन आजीलाही कळते. तंत्र वाईट नाही. त्याची किल्ली कोणाच्या खिशात, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न इतर देशांनाही पडला. इंग्लंडमध्ये २००५ ची अ‍ॅशेस मालिका सर्वांना मोफत दिसली. त्यानंतर तिथले कसोटी क्रिकेट पैशाच्या वाहिनीवर गेले, आणि नवी पिढी क्रिकेटला विसरते आहे अशी ओरड सुरू झाली. २०१९ चा विश्वचषक अंतिम सामना इंग्लंडने गाठला तेव्हा तो मुद्दाम मोफत वाहिनीवरही दाखवावा लागला. ऑलिम्पिक, फुटबॉलचा विश्वचषक यांसारखे सामने मोफत वाहिन्यांना मिळावेत अशी यादी त्या देशाच्या कायद्यात आहे, आणि २०२४ मध्ये कायदा सुधारून इंटरनेटवरच्या सेवाही त्या चौकटीत घेतल्या गेल्या. तिथे जे होऊ शकते ते इथे का होऊ नये?

आपण काय करायचे?

पहिले : डीडी फ्री डिशची माहिती घ्या. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचे भाडे नाही. देशाचे सामने डीडी स्पोर्ट्सवर असतील तेव्हा ते तिथे दिसतात.

दुसरे : वस्तीतल्या वाचनालयात, विहाराच्या सभागृहात किंवा मंडळाच्या खोलीत वर्गणी काढून एक फ्री डिश बसवता येईल. मोठ्या सामन्याला मुलामुलींनी आणि बायकांनी एकत्र बसावे. पुढची रांग मुलींसाठी ठेवावी. मुलांच्या परीक्षा असतील तेव्हा मात्र सभागृह अभ्यासालाच द्यावे.

तिसरे : "फुकट सामना बघा" म्हणून येणाऱ्या अनोळखी लिंका उघडू नका. अशा वाटेने मोबाइलमध्ये चोर शिरतो आणि बँकेतला पैसा जातो.

चौथे : सामन्याबरोबर जुगार घरात येऊ देऊ नका. संघ निवडा, पैसे लावा, अशा जाहिरातींनी अनेक तरुणांना कर्जात ढकलले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरी चोरवाटा राहतातच. मुलाच्या मोबाइलमधून पैसे कुठे जातात ते आईबापांनी बघावे.

पाचवे आणि महत्त्वाचे : २००७ च्या कायद्यात इंटरनेट आले पाहिजे, आणि महिलांच्या संघाचे सामनेही पुरुषांच्या बरोबरीने त्या यादीत आले पाहिजेत, अशी मागणी आपल्या खासदारांकडे लेखी करा. एका अर्जाला पोस्टाचा खर्च किती येतो? मंडळाच्या बैठकीत ठराव करून, खाली सह्या घेऊन पाठवला तर त्याची नोंद घ्यावी लागते. सह्यांमध्ये निम्म्या सह्या भगिनींच्या असाव्यात.

लहरी जनतेच्या आहेत, हे न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. मोबाइलचे चित्रही त्याच लहरींवरून आपल्या घरात येते. मग जी मालमत्ता आपली, तिच्यावरून जाणाऱ्या देशाच्या सामन्यात आपला वाटा मागायला संकोच कसला?