उसळीला संत्र्याची साथ

थंडी पडली की नागपुरात जागोजागी संत्र्यांचे ढीग दिसतात. शाळेच्या डब्यात मात्र संत्रं क्वचितच. सोलायचा कंटाळा, चिकट बोटं, वर्गभर वास. कारणं बहुधा एवढीच. पण हेच फळ मटकीच्या उसळीबरोबर खाल्लं तर दुप्पट कामाचं.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेलं आहे; सहावी ते आठवीला १५० आणि ३०. कडधान्यात लोह असतं, पण खाल्लेलं सगळं रक्तात उतरत नाही. दाण्यातलं फायटिक आम्ल लोहाला असं धरून बसतं, की ते आतड्यात विरघळतच नाही. मटकीला मोड आले की दाण्यातलीच विकरं या आम्लाचा काही भाग मोडतात. फडक्यात बांधून ठेवण्याचा खटाटोप फुकट नाही तो.

पुढचं काम संत्र्याचं. त्यातलं क जीवनसत्त्व लोहाचं रूप पालटतं आणि गर्दीत पोराचं बोट धरावं तसं त्याला आतड्याच्या भिंतीपर्यंत नेतं. अट एकच: दोन्ही एकाच जेवणात हवीत. संध्याकाळी टीव्हीपुढे खाल्लेलं संत्रं दुपारच्या उसळीला फारसं उपयोगी नाही. लिंबूही शिजताना नको, ताटातच पिळावं. उष्णतेनं हे जीवनसत्त्व बरंचसं नासतं. जेवणासोबतचा चहा तर उलटंच करतो, लोह अडवतो.

संत्र्याचा हंगाम नसेल तर पेरू द्या. नागपूरकरांना पटायला जड जाईल, पण त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असतं.