आंबरकंदाची तीनशे वर्षं

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून खंबाटकी ओलांडून वाईमार्गे पसरणीचा घाट चढला, की सह्याद्रीचा पावसाळी माथा लागतो. आंबरकंद हे याच सह्याद्रीतलं जमिनीवर वाढणारं ऑर्किड. शास्त्रीय नाव युलोफिया स्पेक्टॅबिलिस.

याच्या नावाचा धागा ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथापर्यंत जातो. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या त्या ग्रंथाला मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याइतकाच रंगभट, अप्पूभट आणि विनायक पंडित या कोकणी वैद्यांचा आधार होता. त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन ग्रंथात छापलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. ग्रंथातल्या चित्रांना वनस्पतिशास्त्रज्ञ डेनश्टेटने 1818 मध्ये शास्त्रीय नावं दिली, त्यात हे रोप ‘वोल्फिया स्पेक्टॅबिलिस’ ठरलं. पण ते नाव अडगळीत गेलं. 1833 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलेने ‘युलोफिया न्यूडा’ म्हटलं आणि तेच रुळलं. थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही तेच. 1988 मध्ये सुरेश यांनी डेनश्टेटचं जुनं विशेषण युलोफियात आणलं, कारण वर्गीकरणात आधीच्या नावाचा हक्क मोठा. तरी औषधी वनस्पतींवरच्या लेखनात ‘न्यूडा’ अजून भेटतं.

लिंडलेचं ‘न्यूडा’, म्हणजे उघडं, हे नाव रोपाला शोभायचं, हेही खरं. पावसाच्या तोंडावर जमिनीतून नुसता दांडा येतो, पान जवळपास नसतंच. दांड्यावर एकेक फूल सुटं उमलतं: हिरवट-जांभळी निदलं, त्यांहून रुंद गुलाबी पाकळ्या, त्यांवर गडद शिरा आणि खाली छोटी बोथट शुंडिका. रंग जागोजागी बदलतो. मग ताडाच्या रोपासारखी घड्यांची लांब पानं येतात. हेच ऑर्किड हिमालय, श्रीलंका, दक्षिण चीन, मलेशिया, न्यू गिनी करत थेट फिजीपर्यंत पोचलं आहे.

इतक्या दूरवर पसरलेलं रोप आपल्याकडे मात्र कंदासाठी उपटलं जातं. डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कंद उकडून खात आली, औषधाला वापरत आली. त्यांच्या गरजेपुरत्या खणण्याला माझा आक्षेप नाही. पोती भरून होणारी काढणी वेगळी. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नाचा साठा नाही. मातीतल्या बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. 1975 पासून ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे निर्बंध आहेत, पण गावच्या बाजारात ते लागू होत नाहीत. कंद जमिनीत ओळीने जोडलेले असतात. फळं पिकून फुटेपर्यंत थांबलं आणि ओळीतले एक-दोन कंद मातीतच ठेवले, तर त्याच जागी पुन्हा फूट यायला वाव राहतो.