सभागृह आणि रुग्णशय्या

भंडाऱ्याहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या या रस्त्याने माल आणण्यास आणि हिशेब चुकता करण्यास जात आले आहेत. आज त्याच रस्त्याने अनेक कुटुंबे हातात तपासण्यांची फाईल घेऊन जातात. कारण राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो वा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, दोन्ही नागपूरला आहेत. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि सलग काही आठवडे चालतात. रोज जाऊन-येऊन एकशे वीस किलोमीटर, आणि परतल्यावर रुग्णाला दोन घास तरी जावेत यासाठी घरभर धडपड.

अशा दिवसांत रुग्णाचा जोडीदार लोकप्रतिनिधी असेल, किंवा निवडणुकीस उभा असेल, तर त्याने काय करावे? हा प्रश्न आता केवळ राजकीय घराण्यांपुरता उरलेला नाही. व्यापारी कुटुंबांचा स्थानिक राजकारणाशी संबंध जुनाच आहे. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या अठरा संचालकांपैकी दोन जागा व्यापारी व अडत्यांसाठी असतात. धानाच्या व्यवहारावर जगणाऱ्या या जिल्ह्यात त्या दोन जागांचे मोल मोठे आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना पन्नास टक्के आरक्षण मिळाल्यापासून पेढीवर न बसणाऱ्या सुना-मुलीही नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात पोहोचल्या आहेत. त्यामुळे सभागृह आणि रुग्णशय्या एकाच घरात येण्याचे प्रसंग वाढले आहेत.

दोन्हीकडून येणारा ठपका

या प्रसंगातील सर्वांत जड ओझे वेळेच्या टंचाईचे नसते, ते लोकापवादाचे असते. पत्नी आजारी असताना पती प्रचारास निघाला, तर ‘घरचे माणूस सोडून मते मागत फिरतो’ असे म्हटले जाते. पती उपचार घेत असताना नगरसेविका सभेस गेली, तर तिच्याविषयी याहून कठोर बोलले जाते. उलट घरी थांबले तर ‘निवडून दिले कशाला?’ हा प्रश्न तयारच असतो.

भंडाऱ्याच्या इतिहासातच याची एक आठवण आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि बाबासाहेबांचा पराभव झाला. त्यांचा आजार कर्करोग नव्हता; मात्र मधुमेहाने शरीर पोखरले होते, आणि त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या पत्नी सविता ऊर्फ माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. औषध, पथ्य, विश्रांती हे सारे त्या पाहत. तरीही ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाल्यावर संशयाची बोटे त्यांच्याकडेच वळली. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, पण माईसाहेबांना पुढची कित्येक वर्षे एकाकी काढावी लागली.

अहोरात्र जवळ राहणाऱ्या वैद्य-पत्नीलाही लोकापवाद चुकला नाही. मग तो टाळण्याच्या हेतूने घेतलेला कोणताही निर्णय खरा ठरणार नाही. निर्णयाचा आधार लोक काय म्हणतील हा नसावा. रुग्णाची गरज काय आणि रुग्णाची इच्छा काय, हा असावा.

वेळेची वाटणी

शरद पवार यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळातच तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर किरणोपचाराच्या छत्तीस फेऱ्या ठरल्या. त्याच सुमारास ते केंद्रात कृषिमंत्री झाले. सकाळी नऊ ते दुपारी दोन मंत्रालयाचे काम आणि अडीचच्या सुमारास रुग्णालय, असा आपला त्या दिवसांतील क्रम त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितला आहे. येथे रुग्ण आणि लोकप्रतिनिधी एकच होता. पण त्यातील धडा जोडीदारालाही लागू पडतो. कामाची वेळ ठरलेली होती आणि उपचाराचीही. एकाने दुसऱ्यावर अतिक्रमण केले नाही.

निवडणुकीच्या तारखा उमेदवाराच्या हाती नसतात. भंडारा जिल्हा परिषदेची मागील निवडणूकच दोन टप्प्यांत झाली. २१ डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले आणि उरलेल्या जागांसाठी १८ जानेवारी २०२२ रोजी. मतदानाची तारीख अशी पुढे सरकते, तेव्हा त्रास होतो, पण निवडणूक होतेच. किरणोपचारात मात्र विनाकारण पडलेला खंड उपचाराचा परिणाम उणावू शकतो. म्हणून दोहोंचा संघर्ष आला तर कोणती तारीख हलवायची, हे आधीच ठरलेले असावे.

सर्वांच्याच वाट्याला अशी वाटणी येत नाही. मनोहर पर्रीकर २४ ऑक्टोबर २००० रोजी प्रथमच गोव्याचे मुख्यमंत्री झाले. जीवनातील सर्वांत मोठे यश जवळ येत असतानाच पत्नी मेधा यांना कर्करोगाने ग्रासले आणि त्यातच त्यांचे निधन झाले. दोन मुलांचे संगोपन आणि राज्याचा कारभार एकट्याने वाहण्याची वेळ पर्रीकरांवर आली. पद पुन्हा मिळू शकते. ते दिवस परत मिळत नाहीत, हे या प्रसंगाकडे पाहताना विसरता येत नाही.

रुग्णाला विचारले का?

घरातील थोरले बसून निर्णय घेतात, आणि ज्याच्यासाठी निर्णय घ्यायचा त्यालाच विचारायचे राहून जाते. पुण्याच्या माजी महापौर आणि कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक जून २०२२ मध्ये कर्करोगाशी झुंजत असताना राज्यसभा आणि विधान परिषद या दोन्ही निवडणुकांच्या मतदानासाठी रुग्णवाहिकेतून मुंबईस गेल्या. त्याच आजारपणात २२ डिसेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी जावयास हवे होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण आजारी माणसालाही स्वतःचे कर्तव्य असते आणि केवळ ‘रुग्ण’ म्हणून जगणे त्याला नकोसे वाटू शकते, एवढे यातून नक्कीच समजते.

कित्येकदा उपचार घेणारी पत्नीच पतीला म्हणते, “तुम्ही सभेला जा, दिवसभर माझ्याकडे पाहत बसलात की मला अधिकच आजारी वाटते.” कित्येकदा असेही घडते, की ती तोंडाने ‘जा’ म्हणते आणि मनात ‘थांबा’ असते. हा भेद जोडीदारालाच ओळखता येतो, आणि तो एकदाच विचारून कळत नाही. औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर शरीर बदलते, मनही बदलते. म्हणून हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो.

प्रचार घरी येऊ नये

केमोथेरपीच्या फेऱ्या अनेकदा तीन आठवड्यांच्या अंतराने असतात. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी बऱ्याच रुग्णांत सर्वांत कमी होतात आणि साध्या संसर्गाशी लढण्याचेही बळ उरत नाही. प्रचारात मात्र दिवसाला शेकडो हात हाती येतात. उमेदवाराला साधी सर्दी होते; तीच घरातील रुग्णाला रुग्णालयात पोहोचवू शकते.

यास्तव उपचारांच्या काळात कार्यकर्त्यांची बैठक राहत्या घरी भरवू नये. ती पेढीवर किंवा अन्यत्र घ्यावी. बाहेरून आल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच रुग्णाच्या खोलीत जावे. स्वतःला ताप-खोकला असेल तर दूर राहावे. आणि रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर ‘सभा आटोपून पाहू’ असे म्हणू नये. त्याच क्षणी डॉक्टरांशी संपर्क साधावा. भेटीस येणाऱ्या समाजबांधवांनीही हे ध्यानी ठेवावे. आस्थेने केलेली विचारपूस दारातून किंवा फोनवरूनही पोहोचते.

रजा हा अधिकार आहे

लोकप्रतिनिधीला रजा घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार सदस्य परवानगीवाचून सलग सहा महिने सभांना अनुपस्थित राहिला, तर त्याचे सदस्यत्व जाते. चार महिन्यांहून अधिक काळ सलग गावाबाहेर राहायचे असेल, तरी पंचायतीची रजा लागते, आणि ती सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात दीर्घ उपचार घ्यावे लागणाऱ्या कुटुंबाने हे आधीच जाणून घ्यावे. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी. पेढीवर एकही व्यवहार तोंडी न ठेवणारे आपण, सार्वजनिक पदाच्या बाबतीतही तीच शिस्त पाळावी. लेखी रजा घेणारा प्रतिनिधी मतदारांना फसवत नाही. न सांगता गैरहजर राहणारा फसवतो.

येथे आणखी एक गोष्ट घडते. पत्नी निवडून आली आणि कारभार पतीने पाहिला, असे चित्र गावोगावी दिसते. पती उपचारांत अडकला की कागद वाचण्याची, अधिकाऱ्यांशी बोलण्याची, सभेत मत मांडण्याची वेळ तिच्यावरच येते. संकटाने दिलेली ही जबाबदारी पती बरा झाल्यावर काढून घेऊ नये.

सेवा हेच तप

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पंजाबचे नेते नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नी नवज्योत कौर कर्करोगमुक्त झाल्याचा आनंद जाहीर केला आणि त्याचे श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाणी, उपवास अशा आहारनियमांना दिले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी तत्काळ निवेदन काढून सांगितले, की अशा दाव्यांना आधार नाही. रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. नवज्योत कौर यांच्यावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झालीच होती. सार्वजनिक व्यक्तीच्या तोंडून निघालेला शब्द किती घरांत पोहोचतो, याचे भान रुग्णाच्या जोडीदाराने अशा वेळी अधिकच ठेवावयास हवे.

आपल्या घरांत हा विषय नाजूक आहे. पर्युषणात उपवास, आयंबिल न झाल्याची खंत रुग्णाला लागून राहते. पण आपल्या परंपरेने तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भाग सांगितले आहेत, आणि आभ्यंतर तपात स्वाध्यायाप्रमाणेच वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, यालाही स्थान आहे. शरीर सावरेपर्यंत रुग्णाने स्वाध्याय करावा, जोडीदाराने वैयावृत्त्य करावे. तपात खंड पडला असे मानण्याचे कारण नाही. आहाराचा निर्णय मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

उपचार संपले तरी आजार एकदम मागे पडत नाही. पहिली दोन वर्षे बहुधा दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते आणि प्रत्येक अहवालापूर्वी घर श्वास रोखून बसते. या काळातून गेलेला लोकप्रतिनिधी सभागृहात परततो, तेव्हा त्याच्यापाशी एक अशी जाण असते, जी भाषणांतून मिळत नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवस-उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. भंडाऱ्यात ते केंद्र नीट चालावे, त्यासाठी पाठपुरावा व्हावा, शाळांभोवतीची खर्रा-तंबाखूची विक्री थांबावी, ही कामे करण्यास त्या साठ किलोमीटरच्या रस्त्यावर आपल्या माणसाचा हात धरून रोज प्रवास केलेल्या माणसाहून योग्य कोण असेल?