नॅनोतारेतील ब्रॅग जालक

सिलिकॉन चिपवर प्रकाश वाहून नेणारी नॅनोतार सुमारे ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड असते. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, म्हणजे तारेच्या रुंदीच्या तिप्पट असली, तरी सिलिकॉनचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात प्रकाशाचा वेग किती पटींनी घटतो ते दाखवणारी संख्या, सुमारे ३.४८ आणि भोवतालच्या सिलिकाचा १.४४ असल्यामुळे हा प्रकाश तारेत कोंडून राहतो. अशा तारेच्या कडांना समान अंतराने दाते कोरले, की तेवढा भाग एका अरुंद तरंगलांबीपट्ट्यापुरता आरसा बनतो. हेच ब्रॅग जालक.

तारेची रुंदी जेथे बदलते तेथे प्रकाशाचा अल्पसा अंश मागे फिरतो. एकट्या दात्याचे परावर्तन नगण्य असते; परंतु दात्यांची आवर्तलांबी तारेतील तरंगलांबीच्या निम्मी ठेवली, तर लागोपाठच्या दात्यांवरून परतणाऱ्या लहरींची शिखरे एकमेकांवर पडून त्यांची बेरीज होते, आणि काही शे दात्यांनंतर त्या तरंगलांबीचा जवळजवळ सगळा प्रकाश परत येतो, तर इतर तरंगलांबींचा प्रकाश पुढे निघून जातो. तारेतील प्रकाशाला जाणवणारा परिणामी अपवर्तनांक २.४ धरला, तर ही आवर्तलांबी सुमारे ३२० नॅनोमीटर येते.

आवर्ती थरांतील परावर्तनाचा विचार लॉर्ड रॅले यांनी १८८७ मध्येच केला होता, आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये स्फटिकातील अणुप्रतलांवरून परतणाऱ्या क्ष-किरणांसाठी मांडलेल्या नियमाचे नाव पुढे या रचनांनाही मिळाले. प्रकाशतंतूतील जालकाचा शोध मात्र अनपेक्षित होता: १९७८ मध्ये ओटावा येथे केनेथ हिल आणि त्यांचे सहकारी जर्मेनियममिश्रित तंतूत आर्गॉन लेसरचा प्रकाश सोडत असता परत येणारा प्रकाश हळूहळू वाढत गेला, कारण तंतूत उभ्या राहिलेल्या स्थिर लहरीने आपलीच आवर्ती खूण काचेवर उमटवली होती. काचेतील असा बदल फारच क्षीण असल्यामुळे तेथे हजारो आवर्तने लागतात. सिलिकॉनच्या तारेत मात्र तेच काम मिलिमीटरच्या अंशात होते.

दुसऱ्या प्रकारच्या नॅनोतारा कोरलेल्या नसून वाढवलेल्या असतात. बेल प्रयोगशाळेतील वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ मध्ये दाखवल्याप्रमाणे वायूतून आलेले सिलिकॉन सोन्याच्या द्रवरूप थेंबात विरघळते आणि थेंबाखाली स्फटिक होऊन साचत जाते. बर्कली येथे २००१ मध्ये झिंक ऑक्साइडच्या अशाच तारांतून लेसरकिरण मिळाले, परंतु तारेची सपाट टोके हेच तेथील आरसे असल्यामुळे बराच प्रकाश टोकांतून निसटत असे. टोकाशी आवर्ती थर रचणे हा त्यावरचा स्वाभाविक उपाय. हार्वर्ड येथे २००२ मध्ये गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम फॉस्फाइड यांचे आलटून-पालटून थर एकाच तारेत वाढवून दाखवण्यात आले. तरी थेंबात उरलेला आधीचा पदार्थ पुढच्या थरात मिसळून सीमा पुसट करतो, ही अडचण या पद्धतीच्या मुळाशीच आहे.

कोरलेल्या तारेचा कस निराळा आहे. चौकोनी आखलेले दाते प्रकाशमुद्रणात गोलसर होतात आणि जालक योजल्यापेक्षा दुर्बळ निघते. रुंदी एका नॅनोमीटरने चुकली तरी परावर्तित तरंगलांबी साधारण तेवढीच सरकते. तापमानही ती अंशागणिक सुमारे ०.०८ नॅनोमीटरने सरकवते, आणि याच गुणाचा उपयोग करून तारेशेजारी बसवलेल्या सूक्ष्म तापकाने जालक हव्या त्या तरंगलांबीवर आणता येते.